उजव्या कानाचा उपास

आमच्या घरात उजव्या कानाचा उपास मी सुरू केला. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते, फराळाच्या डब्यात तुटक्या चकल्या तेवढ्या उरल्या होत्या. मी यांच्यासमोर चहा ठेवला आणि सांगून टाकलं, की आजपासून फोन उजव्या कानाला लावायचा नाही. एकदासुद्धा नाही. त्या कानाला आता उपास.

"आन् सोडाचा कधी?" यांनी विचारलं.

"मी सांगीन तवा."

यांनी मान हलवली. इतक्या चटकन हलवली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. छत्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझी एकही गोष्ट पहिल्या झटक्यात ऐकलेली नाही. साधा स्वेटर घाला म्हटलं तरी तीनदा सांगावं लागतं. पण जिंकल्याच्या आनंदात मला काही दिसलं नाही. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला आपलं ऐकलं गेलं की बाकीचं दिसत नाही.

हे नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे अडते. शेतकऱ्याचा माल यांच्या दुकानासमोर ढिगांनी लागतो, भोवती व्यापारी गोळा होतात, हे लिलाव पुकारतात आणि ज्याची बोली चढती त्याच्याशी सौदा पक्का करून माल देतात. एकाच वेळी दहा जण ओरडत असतात आणि त्यातला कोण काय बोलला हे अडत्याला बिनचूक कळावं लागतं. म्हणजे सगळा धंदा कानावर. मोबाइल आला तसा त्या कानावर फोनही चढून बसला. बागेतून शेतकऱ्याचा, वाटेतून गाडीवाल्याचा, दिल्लीहून व्यापाऱ्याचा. यांच्याकडे दोन फोन आणि दोन्ही उजव्या कानाचेच. जेवताना कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन दाबून हे वरणभात कालवत. आमच्या लग्नाच्या फोटोत यांची मान सरळ आहे. मुलीच्या लग्नाच्या फोटोत उजवीकडे कललेली आहे, आणि तेव्हा कानाशी फोनही नव्हता.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर यांच्या शेजारच्या दुकानाचे अडते गेले. मेंदूत गाठ झाली होती. यांच्याहून चार वर्षांनी लहान, आणि फोनवर यांच्याइतकेच. बाजारानं एका दिवसात निकाल लावला, फोननं खाल्लं. अंत्यविधीहून आल्यावर यांनी आंघोळ केली, कपडे बदलले आणि पलंगावर बसून पुन्हा फोन उजव्या कानाला लावला. उपासाचं माझ्या डोक्यात आलं ते तेव्हा.

खरं तर मला कळायला हवं होतं. नववीच्या मुलांना मी बावीस वर्षं विज्ञान शिकवलं. फळ्यावर आडवा पट्टा काढायचा, या टोकाला रेडिओच्या लहरी, मधे आपला साधा प्रकाश, त्या टोकाला क्ष-किरण. जसं त्या टोकाकडे जाऊ तशी ऊर्जा वाढते, आणि पेशीच्या आतली जुळणी मोडायची ताकद त्या टोकाकडच्यांत असते. फोनच्या लहरी या टोकाच्या, उजेडापेक्षाही मवाळ. हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. पण वर्गातलं ज्ञान वर्गातच राहतं. घरी आल्यावर बहिणींच्या ग्रुपवर काय आलं ते आपण वाचतो. एका मेसेजमध्ये होतं, की दोन फोनांच्या मधे अंडं ठेवून बोलत राहिलं तर अंडं उकडतं. मी ते करून पाहिलं. ओट्यावर यांचे दोन फोन, मधे वाटीत अंडं, एका फोनवरून दुसऱ्याला लावला आणि बोलण्याऐवजी तासभर रेडिओ सुरू ठेवला. तासाभरानं अंडं फोडलं तर ते जसं होतं तसंच होतं, मी त्याचं ऑम्लेट केलं. प्रयोग फसला की निष्कर्ष बदलायचा असतो, हेही मी बावीस वर्षं शिकवलं होतं. मी मनात म्हटलं, अंड्याजवळ फोन तासभर होता, माणसाच्या कानाशी वीस वर्षं आहे. आणि बर्डीच्या बाजारातून, लहरी अडवतात म्हणून विकतात त्या फोनला चिकटवायच्या दोन चंदेरी टिकल्या घेऊन आले.

असा तो उपास सुरू झाला. हे खरंच डाव्या कानाला फोन लावू लागले. बाजारातून कोणी घरी आलं तर हसून सांगत, "मॅडमचा हुकूम हाय बाबा, उजवा कान बंद." मला त्यात मान वाटायचा.

एक गोष्ट मात्र मला फार आवडू लागली होती, ती सांगायची लाज वाटते, पण सांगते. हे माझ्याकडे बघू लागले होते. आयुष्यभर मी बोलायचे आणि हे पेपरकडे, टीव्हीकडे, फोनकडे बघत हुंकार भरायचे. आता मी बोलायला लागले की हे मान वर करून सरळ माझ्या तोंडाकडे बघत. भाजीचा भाव सांगितला तरी बघत. एकसष्टाव्या वर्षी नवऱ्याला आपला चेहरा सापडला असं मला वाटलं. मी घरातसुद्धा नीट विंचरून, टिकली लावून बसू लागले. माझं माहेर उमरेडचं, विणकरांचं. घरात चार माग. त्यांच्या खडखडाटात माझे वडील, काका, आत्या एकमेकांच्या ओठांकडे बघूनच बोलणं समजून घेत. त्या घरात मी वाढले, आणि माझ्यासमोर बसून एक माणूस ओठ वाचतोय हे मला समजलं नाही. मला ते प्रेम वाटलं.

उन्हाळा आला. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर एकदा लागला की चार महिने घरात सगळेच ओरडून बोलतात, आणि सगळेच "आँ? काय?" म्हणतात. त्यात यांचं "आँ?" कुठे वेगळं ऐकू येणार? दोनदा हे जिना उतरताना भिंतीला टेकले. मी म्हटलं, ऊन लागलं असेल, आणि कांद्याचा रस चोळला.

उपास मोडला तो माझ्याच हातानं. नवरात्र होऊन गेलं होतं, कूलर बांधून ठेवले होते, घर शांत होतं. हे स्वयंपाकघरात संत्री सोलत होते. आंबिया बहाराचा, म्हणजे थंडीच्या तोंडावर येणारा, पहिला माल आला की घरी आणून सोलून खाऊन बघायचा, ही यांची जुनी पद्धत. दोन्ही हात रसानं माखलेले. फोन वाजला. पुण्याहून मुलगी होती. मी फोन उचलला आणि यांच्या कानाला लावला. मी ज्या बाजूला उभी होते तो कान उजवा होता. त्या क्षणी उपासबिपास काही डोक्यात नव्हतं.

"हॅलो," हे म्हणाले. "हॅलो. हॅलो?"

मी फोन धरून उभी होते, कानापासून वीतभर लांब. मला तिथे मुलीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. बाबा, ऐकू येतंय का, मी काय म्हणते, बाबा.

"आवाज नाही येऊन राहिला," हे मला म्हणाले. "कट झाला वाटते."

फोनमधून मुलगी म्हणत होती, बाबा, आई कशी आहे.

 मी फोन काढला नाही. मला वाटलं, अजून एक क्षण, आता ऐकतील, आता हसतील. यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि यांचा चेहरा एकदम पडला. चोरी पकडली गेल्यासारखा. तेव्हा मला वाटलं की हे घाबरले. ते तेवढंच नव्हतं, हे मला पुढे कळलं.

मी वळसा घालून गेले आणि फोन डाव्या कानाला लावला. "हो बेटा," हे म्हणाले, "बोल."

पुढचे पंधरा दिवस रामदासपेठेतल्या दवाखान्यांत गेले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी यांना काचेच्या खोलीत बसवून कानांची तपासणी केली. डावा कान वयाच्या मानानं ठीक. उजव्या कानाला आवाज थोडा जाणवत होता, पण शब्द एकही कळत नव्हता. नंतर यांना त्या मोठ्या नळीत घालून डोक्याचे फोटो काढले. बाहेर मी यांचं घड्याळ, अंगठी आणि दोन्ही फोन मांडीवर घेऊन बसले होते. फोन वाजत होते, मी उचलत नव्हते. त्या चंदेरी टिकल्या अजून मागे चिकटलेल्या होत्या आणि मला त्यांचा संताप येत होता.

गाठ होतीच. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवली. उजव्या कानामागे आत, मेंदूच्या देठाला टेकलेली, पांढरी. त्यांनी पहिल्यांदा हे सांगितलं की ही कर्करोगाची नाही. दुसरं हे सांगितलं की ही मेंदूच्या पेशींची नाहीच. कानाकडून मेंदूकडे ऐकणं आणि तोल नेणारी जी नस असते, तिच्या आवरणातून उगवलेली आहे, आणि अशा गाठी वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात.

"फोनमुळे?" मी विचारलं. 

त्या लगेच 'नाही' म्हणून मोकळ्या झाल्या नाहीत, म्हणून मी त्यांना मानते. म्हणाल्या, "हा प्रश्न मला रोज विचारतात. यावर पुष्कळ अभ्यास झालाय. पेशींवर, उंदरांवर काहींना थोडं दिसतं, काहींना काहीच नाही. माणसांमध्ये फोनकडे बोट दाखवावं इतका पुरावा आजवर मिळालेला नाही. मी कमी वापरा सांगेन, पण ही गाठ फोननं केली असं मी लिहून देणार नाही."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तो प्रश्न विचारला.

"मला एक कळत नाही. अशा पेशंटना पहिल्यांदा कळतं तेच मुळी फोनवर. एरवी आपण दोन्ही कानांनी ऐकतो, एक कमी पडला तर दुसरा सांभाळून घेतो. फोन एका कानाला लागतो. लोक येऊन सांगतात, मॅडम, या कानानं फोनवर कळत नाही. यांचा तर धंदाच फोनवरचा. यांना इतकं उशिरा कसं कळलं?"

हे माझ्याकडे बघत नव्हते. मी समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते. अकरा महिने. माझ्या घरात एक यंत्र होतं जे रोज पन्नास वेळा त्या कानाची परीक्षा घेऊ शकत होतं, आणि मी त्याच यंत्राला त्या कानाजवळ जायची बंदी केली होती.

"काही कल्पना नाही," मी म्हणाले.

खोटं बोलले. डॉक्टरांसमोर, नवऱ्यासमोर. बावीस वर्षं मुलांना प्रामाणिकपणे निरीक्षण लिहा म्हणून सांगणारी बाई खोटं बोलली.

शल्यचिकित्सकांनी पुढचं सांगितलं. गाठ लहान असती तर नुसती नजर ठेवली असती किंवा बाहेरून किरण सोडून तिची वाढ थांबवली असती. किरण, म्हणजे रेडिएशन. ज्या शब्दाला भिऊन मी सगळं केलं तोच उपाय होता, आणि त्याची वेळ टळली होती. आता कवटी उघडावी लागणार. उजवं ऐकणं परत येणार नाही. त्या गाठीला चिकटूनच चेहरा हलवणारी नस जाते आणि जवळूनच गालाचा स्पर्श कळवणारी. त्या वाचवायचा पुरता प्रयत्न करू, म्हणाले, पण दुखावल्या तर उजवा चेहरा लोंबेल, डोळा मिटणार नाही, गाल बधिर होईल. मी विचारलं, अकरा महिने आधी आलो असतो तर? ते म्हणाले, कदाचित फरक पडला असता, कदाचित नसता. अशा गाठी इतक्या हळू वाढतात की सांगता येत नाही. मला होय किंवा नाही हवं होतं. कदाचित घेऊन घरी जाणं फार कठीण असतं.

ऑपरेशनला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत मी यांना सांगायचं ठरवलं होतं, आणि सांगितलंही. पण कसं, ते लिहिते. हे सोफ्यावर टीव्ही बघत बसायचे, मी नेहमीसारखी उजव्या बाजूला. मी यांच्या कानाशी तोंड नेऊन अगदी हळू म्हणायचे, माझ्यामुळे झालं. मी तो कान बंद केला. मला माफ करा. हे टीव्हीकडे बघत राहायचे. रोज संध्याकाळी मी त्या मेलेल्या कानात माझं पाप टाकायचे आणि हलकी होऊन पोळ्या लाटायला उठायचे. याला भित्रेपणा म्हणतात, दुसरा शब्द नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातला यांना आत नेणार होते. डोक्याची उजवी बाजू भादरलेली, अंगावर हिरवी चादर. स्ट्रेचर दाराशी लावलेलं आणि कागद यायचे होते म्हणून दहा मिनिटं तशीच. यांनी चादरीखाली हात सरकवला आणि माझा हात आत ओढला.

हे आमचं जुनं आहे. माझ्या सासऱ्यांच्या काळी बाजारात भाव बोलून ठरत नसत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरून सौदा करायचा, भोवतालच्यांना काही कळायचं नाही. पटलं तर पंजा घट्ट धरून दोनदा दाबायचा. न पटलं तर हात काढून घ्यायचा. हे यांनी पोरवयातच शिकून घेतलं होतं आणि लग्नानंतर मला शिकवलं, पाहुण्यांत बसल्यावर उपयोगी पडतं म्हणून. एक बोट धरलं तर निघू या. दोन धरली तर थोडं थांब. पंजा दाबला की पक्कं. पदराखाली असे आम्ही कितीतरी कंटाळवाण्या बारशांतून सुटलो.

त्या सकाळी यांनी बोट धरलं नाही. नुसता हात धरून ठेवला.

"रोज त्या कानात काय सांगते वं?" हे म्हणाले.

मी विचारलं, "तुम्हाले आयकू येते?"

"शब्द नाही येत. श्वास लागते न गालाले. कान गेला, गाल अजून हाय."

मग मी सांगितलं. वाकून, डाव्या कानात, वॉर्डबॉय ऐकत होता तरी. की फोन त्या कानाला लागत असता तर वर्षापूर्वीच कळलं असतं. की डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. की तुमच्या चेहऱ्याचं काही झालं तर ते मी केलं असेल. सगळं एका दमात.

यांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, "तू सांगाच्या आधीच गेलता तो."

"काय?"

"कान. तुह्या उपासाच्या आधीच सात-आठ महिने. फोनवर कळे नाही मले. गुणगुण ऐकू ये नुसती. तुह्यासमोर सवयीनं उजव्याच कानाले लावून हो-हो म्हणत होतो, मंग बाहेर जाऊन डाव्यानं पुन्हा फोन करत होतो. मी लिलावात उजवी बाजू भिंतीले करून उभा राहू लागलो, तोंडं पाहून बोली घेऊ लागलो. अडत्याले आयकू येत नाही हे बाजारात कळलं की दुसऱ्या दिवशी ढीग शेजारच्याकडं. कोणाले सांगू? मंग शेजारचा गेला, आन् तू आली हुकूम घेऊन. मले बहाणा भेटला. आता डाव्या कानाले फोन लावला तरी कोणी इचारत नाही काहून म्हणून. मॅडमचा हुकूम."

मला आधी नीट समजलंच नाही. आणि समजलं तेव्हा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. डोक्यात तिडीक गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा हा माणूस शेजारच्या खुर्चीवर होता. मी खोटं बोलताना ऐकत होता. तीन आठवडे गालाला माझा श्वास लागत होता आणि हा टीव्ही बघत होता. बाजारासमोर माझा हुकूम पुढे केला आणि मी त्यात मान मानला, टिकली लावून समोर बसले.

"मले सांगाचं होतं," मी म्हणाले. "बाजाराले नाही, मले."

"तुले सांगतलं असतं तर तू डॉक्टरकडं नेलं असतं."

"मंग?"

"भेव वाटे वं," हे म्हणाले.

आणि मी हात काढून घेतला. चादरीखालून, झटक्यात. काय करते आहे हे कळायच्या आत. यांचे डोळे माझ्याकडे वळले. तेवढ्यात कागद आले, वॉर्डबॉयनं ब्रेक सोडला आणि स्ट्रेचर आत गेलं. दार बंद झालं.

नऊ तास लागले. मी भिंतीला लागून असलेल्या लोखंडी बाकावर बसले होते. मुलगी पुण्याहून आली, तिनं काहीतरी खायला दिलं, मी ते हातात धरून बसले. मला दुसरं काही आठवत नव्हतं. आम्हा दोघांमध्ये हात काढून घेण्याचा एकच अर्थ होता, आणि तो यांच्याइतका कोणालाच माहीत नव्हता. हे तो अर्थ घेऊन आत गेले. आतून परत आले नाहीत तर तेवढाच राहणार होता. रागही गेला नव्हता, तो भीतीच्या बाजूलाच बसून होता. देवाला मी एवढंच म्हटलं, की याला बाहेर काढ, मला याच्याशी भांडायचं आहे.

चार वाजून गेल्यावर शल्यचिकित्सक बाहेर आले. गाठ निघाली होती. चेहऱ्याच्या दोन्ही नसा शाबूत होत्या पण ताणल्या गेल्या होत्या. सूज उतरेल तसं कळेल, म्हणाले. मी आत गेले तेव्हा हे पट्ट्यांत गुंडाळलेले, तोंडात नळी. मी चादरीखाली हात घालून यांचा हात धरला आणि पंजा दोनदा दाबला. बोटं गरम होती, पण सैल. काही उत्तर आलं नाही. नर्स म्हणाली, गुंगीत आहेत, काकू.

घरी आलो तेव्हा यांचा उजवा गाल ओघळलेला होता. पाणी प्यायले की कोपऱ्यातून सांडायचं. डोळ्यात दर दोन तासांनी थेंब घालायचे आणि झोपताना पट्टी लावायची. गालाला काही कळत नव्हतं. रोज सकाळी मी कापसाची वात यांच्या गालावर फिरवायचे, दुसरीकडे बघायला सांगायचे आणि विचारायचे, लागतंय? हे म्हणायचे, नाही. मी वहीत 'नाही' असं लिहायचे. त्या हाताबद्दल आम्ही दोघंही बोललो नाही. औषधं, थेंब, पथ्य, एवढंच बोलणं. बाजारातले लोक भेटायला आले. त्यांना यांनी स्वतःच सांगितलं की उजवा कान गेला, आता बोलायचं असेल तर डावीकडून या. कोणी हसलं नाही. एकानं सांगितलं की त्याच्या चुलत्यालाही एका कानानं येत नाही, पंधरा वर्षं लिलाव पुकारतोय. यांनी त्याला दोनदा विचारलं, किती वर्षं म्हटलं?

सव्वादोन महिने झाले. थंडी होती, हे बाहेर उन्हात खुर्चीवर बसले होते, मांडीवर दुपट्टा. मी सवयीनं उजव्या बाजूला वेताचा मोडा ओढून बसले. तो ओघळलेला गाल बघून मला एकदम भडभडून आलं, आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी त्या कानाशी वाकले. तो तर आता कायमचा गेला होता, त्यात काहीही बोललं तरी चालणार होतं. मी म्हणाले, "तुम्ही मले गुन्हेगार होऊ दिलं. मी तीन आठवडे जळत होते आणि तुम्ही बघत बसले. मी अजून माफ केलं नाही. आणि तुम्ही मेले असते तर मी काय केलं असतं."

हे समोर रस्त्याकडे बघत होते.  मग डावा हात उचलून यांनी उजव्या गालाला लावला, माशी बसल्यावर लावतात तसा.

"लागला," हे म्हणाले.

"काय लागला?"

"श्वास. थोडासा. इथं."

मी वही आणायला उठणार होते. यांनी दुपट्टा उलगडून दोघांच्या मधे टाकला आणि त्याखालून हात पुढे केला. मी हात दिला. यांनी ना एक बोट धरलं, ना दोन, आणि पंजाही दाबला नाही. सौदा अजून व्हायचा होता.

"काय म्हटलं ते कळलं नाही मले," हे म्हणाले. जीभ अजून थोडी अडखळत होती. "डाव्या कानात सांग. सगळं सांग, काही ठेवू नको."

मी हात न सोडता उठले, मोडा पायानं सरकवत खुर्चीला वळसा घातला, डावीकडे बसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.